मोठ्या भोकाच्या तबकड्या: रॉक अँड रोलच्या जुन्या सिंगल्स जमवायच्या तर

सात इंची, मधे दीड इंचाचं भोक असलेली, मिनिटाला ४५ फेरे घेणारी रेकॉर्ड आरसीए व्हिक्टरने १९४९ साली अमेरिकेत बाजारात आणली. आदल्याच वर्षी कोलंबियाने ३३⅓ फेऱ्यांची लाँग प्ले काढली होती, तिला दिलेलं हे उत्तर. एवढं मोठं भोक ठेवलं ते एकावर एक रेकॉर्डी रचून आपोआप बदलणाऱ्या यंत्रासाठी. पुढे ज्यूकबॉक्सवाल्यांनाही, म्हणजे नाणं टाकून गाणं वाजवणारी यंत्रं चालवणाऱ्यांना, ते सोयीचं पडलं. पाचेक वर्षांनी रॉक अँड रोल आलं, तेव्हा त्याला वाहन आयतंच तयार होतं: एका बाजूला अडीच-तीन मिनिटांचं गाणं, उलट बाजूला दुसरं (हीच ‘सिंगल’) आणि किंमत शाळकरी पोरांना झेपेल इतकी.

त्या पोरांनी या रेकॉर्डी जपल्या नाहीत. स्वस्तातल्या प्लेअरच्या जड हातावर शंभर वेळा वाजवल्या, पाकिटं फेकून दिली, लेबलवर पेनाने आपलं नाव घातलं, पार्टीला नेऊन एकमेकींवर रचून ठेवल्या. म्हणून या छंदात एक उलटंसुलटं गणित आहे. लाखांनी खपलेलं गाणं आज कुठेही मिळतं, पण त्याचीच स्वच्छ, न झिजलेली प्रत शोधताना दमछाक होते. गाणं मिळवणं आणि प्रत मिळवणं ही दोन वेगळी कामं आहेत. संग्राहकाचं काम दुसरं.

पहिलं काम: कुंपण घाला

‘मला जुनं रॉक अँड रोल जमवायचंय’ असं म्हणून जो सुरुवात करतो, त्याच्याकडे वर्षभरात एक मोठं खोकं आणि भरपूर धूळ साचते. एक लेबल (म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी), एक गायक, एक देश किंवा दोन-तीन वर्षांचा काळ, यांपैकी काहीतरी एक ठरवा. माझं मत विचाराल तर लेबल धरून चालणं सगळ्यांत शहाणपणाचं, कारण लेबलच्या रेकॉर्डींना ओळीने क्रमांक असतात. काय आहे आणि काय नाही, ते लगेच कळतं.

मेम्फिसच्या सन रेकॉर्ड्सचं उदाहरण घेऊ. सॅम फिलिप्सने १९५० साली ७०६ युनियन ॲव्हेन्यूवर स्टुडिओ थाटला आणि १९५२ साली सन हे लेबल सुरू केलं. एल्विस प्रेस्लीच्या सनवर फक्त पाच सिंगल्स निघाल्या: २०९, २१०, २१५, २१७ आणि २२३. पहिली जुलै १९५४ ची. नोव्हेंबर १९५५ मध्ये आरसीएने त्याचा करार ३५,००० डॉलर्सना विकत घेतला आणि तो गेला. या पाच रेकॉर्डींच्या मागे लागलात तर पगार पुरणार नाही, आणि बनावट मालही याच पाचांचा सर्वाधिक आहे.

पण सन म्हणजे नुसता एल्विस नाही. कार्ल पर्किन्सची ‘ब्लू स्वेड शूज’ (सन २३४, १९५६), जॉनी कॅशची ‘आय वॉक द लाइन’ (२४१), जेरी ली लुइसची ‘होल लॉटा शेकिन’ गोइंग ऑन’ (२६७) आणि ‘ग्रेट बॉल्स ऑफ फायर’ (२८१) या सगळ्या त्या काळी प्रचंड खपल्या. म्हणून त्यांच्या मूळ प्रती आजही नवख्याच्या आवाक्यात असतात. सुरुवात इथून करावी. तेच पिवळं लेबल, तोच स्टुडिओ, आणि कर्ज काढायची वेळ नाही.

(दुसरं टोक बघायचं असेल तर: १९५३ साली एल्विसने स्वतःचे पैसे भरून याच स्टुडिओत कापून घेतलेली एकुलती एक ॲसिटेट तबकडी २०१५ च्या लिलावात ३ लाख डॉलर्सना गेली. घेणारा निघाला जॅक व्हाइट, स्वतः संगीतकार. तो खेळ आपला नव्हे.)

लेबल वाचायला शिका

या लेखातला हा भाग सावकाश वाचा. बाकीचं सगळं पुढेमागे जमून जातं.

सनची एखादी ४५ खिडकीपाशी नेऊन तिरपी धरा. पिवळ्या लेबलवर तपकिरी छपाई, वर किरणं आणि आरवणारा कोंबडा, कडेने फिरणाऱ्या स्वरलिपीच्या रेघा, खाली ‘मेम्फिस, टेनेसी’. इथवर कुठलाही चांगला नकलाकार पोचतो. आता उजेड लेबलवर आडवा पडेल असं करा. मेम्फिसमधल्याच प्लास्टिक प्रॉडक्ट्स या कारखान्यात दाबलेल्या प्रतींवर लेबलच्या कागदात तीन गोल दबलेले ठसे दिसतात, त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर असावेत तसे. संग्राहक त्यांना ‘पुश मार्क्स’ म्हणतात. छपाईची नक्कल सोपी असते, हे ठसे सहसा राहून जातात.

ठसे नाहीत म्हणजे रेकॉर्ड खोटीच, असंही नाही. सनचा काही माल लॉस एंजेलिसच्या मोनार्क कारखान्यात दाबला जायचा. तिथे ठसे नसतात. पण गाणं संपल्यावर लेबलपर्यंत जी गुळगुळीत पट्टी उरते, जिला ‘डेड वॅक्स’ म्हणतात, तिच्यात एक छोटा त्रिकोण आणि त्यापुढे आकडा कोरलेला सापडतो. हा आकडा कारखान्याच्या कामाच्या क्रमाने वाढत जातो, त्यामुळे रेकॉर्ड साधारण कधी दाबली याचा अंदाजही बांधता येतो. ठसेही नाहीत, त्रिकोणही नाही आणि दुकानदार मूळ प्रत असल्याची शपथ घेतोय, अशा वेळी हात मागे घ्यावा.

सनबद्दल आणखी दोन खुणा पाठ करून ठेवा. लेबलवर ‘नॅशव्हिल’ किंवा ‘शेल्बी सिंगल्टन’ असं काही छापलेलं असेल तर ती १९६९ नंतरची प्रत. त्या वर्षी फिलिप्सने कंपनी सिंगल्टनला विकली. आणि एल्विसची सन सिंगल लाल, निळ्या किंवा पारदर्शक प्लास्टिकची असेल तर ती बनावटच. खरी फक्त काळी.

आरसीएचं वाचन त्या मानाने सोपं. १९५० च्या दशकातल्या मूळ ४५ वर क्रमांक ४७ ने सुरू होतो: ‘हार्टब्रेक होटेल’ ४७-६४२०, जानेवारी १९५६. त्याच गाण्याची ७८ फेऱ्यांची आवृत्ती २० ने सुरू होते. क्रमांकाआधी ४४७ दिसलं की ती ‘गोल्ड स्टँडर्ड’ मालिकेतली, म्हणजे नंतर काढलेली प्रत. रंगही बोलतो. काळं लेबल आणि वर ग्रामोफोनपुढे बसलेला कुत्रा ही जुनी खूण. नारिंगी लेबल १९६८ च्या अखेरीपासूनचं. १९५६ चं गाणं नारिंगी लेबलवर असेल तर ते ऐकायला घ्या, संग्रहात मूळ प्रत म्हणून लावू नका.

अमेरिकेतल्या डेका कंपनीच्या बाबतीतही तसंच. बिल हेलीची ‘रॉक अराउंड द क्लॉक’ (२९१२४) मे १९५४ मध्ये निघाली तेव्हा चक्क बी बाजूला, म्हणजे दुय्यम गाण्याच्या उलट बाजूला होती. १९५५ मध्ये ‘ब्लॅकबोर्ड जंगल’ या सिनेमाच्या सुरुवातीला वाजली आणि मग उसळली. त्यानंतर ती इतकी वर्षं दाबली जात राहिली की एकाच क्रमांकाखाली अनेक पिढ्यांची लेबलं सापडतात. लेबलवर रंगीत पट्टे दिसले की १९६० नंतरची समजा. यातून एक गोष्ट घ्यायची: क्रमांकाने गाणं ओळखता येतं, प्रतीचं वय नाही. वयासाठी लेबलची रचना आणि डेड वॅक्स बघावा लागतो.

हे सगळं डोक्यात ठेवायची गरज नाही. डिस्कॉग्स आणि फॉर्टीफाइव्हकॅट या संकेतस्थळांवर लेबलांचे फोटो क्रमांकवार आहेत. पण मोबाइलचं नेट बाजारात नेमकं दगा देतं. आपण ज्या लेबलच्या मागे आहोत त्याच्या आठ-दहा मूळ प्रतींचे फोटो फोनमध्ये उतरवून ठेवा.

ब्रिटिश प्रती

आपल्याकडे मराठी माणसांचे नातेवाईक अमेरिकेत आहेत तसे इंग्लंडातही आहेत, आणि तिकडच्या चॅरिटी शॉप्समध्ये अजून जुना माल निघतो. ब्रिटिश ४५ ची पहिली खूण मधे. घरी वाजवायला बारीक भोक आणि ज्यूकबॉक्ससाठी काढून टाकता येईल असा मधला तुकडा. ब्रिटिश डेका आणि तिच्या लंडन, ब्रन्सविक, कोरल वगैरे लेबलांवर हा तुकडा १९५० च्या दशकात त्रिकोणी असे, साधारण १९६० च्या आसपास गोल झाला. म्हणून ‘ट्राय-सेंटर’ म्हटलं की जुनी प्रत. तुकडा कोणी तोडून काढला असेल तर भाव पडतो, आवाजात मात्र काही फरक पडत नाही; नुसतं ऐकणाऱ्याने अशाच प्रती हेराव्यात.

लंडन लेबल म्हणजे अमेरिकेतल्या छोट्या कंपन्यांचा माल ब्रिटनमध्ये आणणारं दार. सन, स्पेशल्टी, इम्पीरियल, कॅडन्स सगळे इथे भेटतात. क्रमांकाआधीच्या एचएल या अक्षरांपुढचं अक्षर मूळ कंपनीकडे बोट दाखवतं, जसं फॅट्स डॉमिनोच्या इम्पीरियलवरच्या गाण्यांना एचएलपी. पण हे सगळीकडे काटेकोरपणे पाळलेलं नाही. ‘ग्रेट बॉल्स ऑफ फायर’ इथे एचएलएस ८५२९. एल्विस मात्र आधी एचएमव्हीवर होता (‘हार्टब्रेक होटेल’ची ४५ म्हणजे ७एम ३८५), आणि १९५७ मध्ये तो डेकाने हाताळलेल्या आरसीए लेबलवर गेला. त्यामुळे त्याच्या एचएमव्हीवरच्या सिंगल्सचा काळ थोडा आणि मागणी मोठी.

ईएमआय या ब्रिटिश कंपनीच्या, म्हणजे एचएमव्ही, कोलंबिया, पार्लोफोनच्या रेकॉर्डींवर डेड वॅक्समध्ये एक गंमत आहे. तिथे लेबलच्या एका बाजूला सुटी अक्षरं दिसतात. जी, आर, ए, एम, ओ, पी, एच, एल, टी, डी ही दहा अक्षरं १ ते ९ आणि ० अशी वाचायची. कितव्या साच्यातून रेकॉर्ड निघाली ते कळतं. नुसतं ‘जी’ असेल तर पहिला साचा, ‘आरए’ असेल तर तेविसावा.

आपल्या बाजारात काय हाती लागतं

मुंबईत चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर, आणि पुण्यात रविवारी-बुधवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात रेकॉर्डींचे ढीग असतात. अपेक्षा जागेवर ठेवा. ढिगात हिंदी सिनेमाच्या ईपी (दर बाजूला एकाहून जास्त गाणी असलेल्या छोट्या रेकॉर्डी), त्याखाली जिम रीव्ज, मग क्लिफ रिचर्ड आणि शॅडोज, मग ॲबा आणि बोनी एम. सनची मूळ प्रत इथे सापडण्याची आशा धरून गेलात तर निराशेने परत याल. भारतीय छापाच्या मागे गेलात तर मात्र मजा आहे.

कारण ग्रामोफोन कंपनीचा कलकत्त्याच्या दमदमचा कारखाना १९२८ पासूनचा, आणि तिथे ७८ फेऱ्यांच्या लाखेच्या तबकड्या पाश्चात्त्य देशांनी सोडून दिल्यावरही निघत राहिल्या. आपल्याकडे घरोघरी चावीचे ग्रामोफोन होते, ते एवढ्यात कोण टाकणार? त्यामुळे बीटल्ससारखा १९६० च्या दशकातला बँड ७८ वर मिळतो तो भारतात, पार्लोफोनच्या डीपीई मालिकेत. त्यावर परदेशी संग्राहक तुटून पडतात. आजोबांच्या माळ्यावर पार्लोफोनच्या ७८ दिसल्या तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी क्रमांक बघा.

क्लिफ रिचर्डही आपल्याला परका नाही. जन्म लखनौचा, १९४०. त्याची पहिली सिंगल ‘मूव्ह इट’ कोलंबियावर ऑगस्ट १९५८ ची (डीबी ४१७८), ब्रिटनमधलं पहिलं दमदार रॉक अँड रोल म्हणून तिचं नाव घेतात. आणि ज्यांना देशी शेजारही हवा आहे त्यांनी सी. रामचंद्रांकडे जावं. पुणतांब्याच्या या माणसाने १९५७ च्या ‘आशा’साठी ‘ईना मीना डीका’ केलं, तेव्हा एल्विस ऐन भरात होता. ती तबकडी रॉक अँड रोलच्या खणात ठेवायला माझी हरकत नाही.

भावाचं म्हणाल तर ढिगातून एक रेकॉर्ड उपसून ‘ही केवढ्याला’ विचारू नका. सात-आठ बाजूला काढा, हवी असलेली मधेच घाला आणि सगळ्यांचा मिळून भाव करा.

हातात काय आहे: व्हायनिल, स्टायरीन की लाख

७८ म्हणजे बहुधा लाख: जड, पडली की फुटते. ब्रिटिश आणि भारतीय ४५ म्हणजे व्हायनिल. अमेरिकन ४५ मात्र दोन प्रकारच्या असतात, कारण काही कारखाने साच्यात स्टायरीन ओतून रेकॉर्डी करायचे. स्टायरीन ताठ असतं, वाकवायला गेलात तर मोडेल, नखाने टिचकी मारली तर आवाज बारीक आणि कडक येतो, आणि लेबल दाबून बसवलेलं नसून वरून चिकटवलेलं असतं. खराब सुईने ते व्हायनिलपेक्षा फार लवकर झिजतं. दिसायला चकचकीत असलेली स्टायरीन प्रत वाजवल्यावर नुसती खरखरते, असं होतं. म्हणून स्टायरीन न ऐकता महाग घेऊ नये.

अवस्था ठरवणं

अमेरिकन विक्रेते गोल्डमाइन या संग्राहकांच्या मासिकाची श्रेणी वापरतात: मिंट, निअर मिंट, व्हीजी (व्हेरी गुड) प्लस, व्हीजी, गुड, पुअर. ब्रिटिश मंडळी व्हीजी प्लसच्या जागी ‘एक्सलंट’ म्हणतात. शब्दांवर जाऊ नका. ‘गुड’ म्हणजे चांगली नव्हे, जेमतेम वाजणारी. पन्नासच्या दशकातल्या सिंगलसाठी व्हीजी प्लस मिळाली तर खुशाल घ्या. मिंटच्या हट्टाने माणूस कंगाल होतो.

तपासताना छताची ट्यूबलाइट उपयोगाची नाही. एकच प्रखर दिवा किंवा फोनचा टॉर्च बाजूने धरा आणि रेकॉर्ड हळू फिरवा. केसासारखे चरे, जे नखाला लागत नाहीत, ते सहसा ऐकू येत नाहीत. नखाला अडणारा चरा दर फेरीला टकटकणार. खरा शत्रू वेगळाच: ग्रूव्हवर, म्हणजे सुई फिरते त्या खाचेवर, आलेली करडी, राखाडी झाक. ती जड सुईने केलेली झीज असते, कुठल्याही धुण्याने जात नाही. शेवटचा इंचभर भाग खास बघा, कारण आतल्या फेऱ्यांत झीज आधी ऐकू येते. मग रेकॉर्ड डोळ्यांच्या पातळीवर आडवी धरून वाक बघा.

लेबलवर नाव, स्टिकर, किंवा शिल्लक माल म्हणून पाडलेलं छोटं भोक असेल तर भाव उतरतो. ‘विक्रीसाठी नाही’ छापलेलं पांढरं लेबल मात्र रेडिओ केंद्रांना पाठवलेली प्रत दाखवतं. ती बहुधा मोजक्याच निघालेली आणि हवीहवीशी. आणि चित्राचं पाकीट! पोरांनी पाकिटं फेकली हे वर म्हटलंच, म्हणून एल्विसची कित्येक पाकिटं आत असलेल्या रेकॉर्डपेक्षा महाग आहेत. ‘डोंट बी क्रुएल’ आणि ‘हाउंड डॉग’च्या (४७-६६०४) पाकिटाचे तर कुठलं नाव वर यावरून प्रकार पडतात.

ऑनलाइन घेताना

मागितलेला भाव म्हणजे भाव नव्हे. डिस्कॉग्सवर प्रत्येक प्रतीचा विक्रीचा इतिहास असतो, लिलावांसाठी पॉपसाइक आहे; प्रत्यक्ष किती दिले गेले ते तिथे बघा. विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: दोन्ही बाजूंच्या डेड वॅक्समधली अक्षरं काय आहेत, श्रेणी नुसती बघून दिली की वाजवून, आणि वाक आहे का. जो उत्तर द्यायला कुरकुरतो त्याच्याकडून घेऊ नका. पाठवताना रेकॉर्ड चित्राच्या पाकिटातून काढून वेगळी ठेवायला सांगा, नाहीतर प्रवासात तिची कड पाकिटाची शिवण फाडते. दोन्ही बाजूंना ताठ पुठ्ठा हवाच. टपाल एका सिंगलला आणि सहा सिंगल्सना फार वेगळं पडत नाही, तेव्हा एकाच विक्रेत्याकडून एकत्र मागवा. सीमाशुल्क लागू शकतं, ते धरूनच बजेट आखा.

धुणं आणि वाजवणं

व्हायनिलसाठी डिस्टिल्ड वॉटर, त्यात छायाचित्रकार फिल्म धुताना वापरायचे ते वेटिंग एजंट दोन-चार थेंब, मऊ ब्रश किंवा मायक्रोफायबर. ग्रूव्हच्या दिशेने, गोल फिरवत. लेबल कोरडं राहिलं पाहिजे. शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने पुसून उभी वाळवा. नळाचं पाणी वापरलंत तर त्यातले क्षार ग्रूव्हमध्येच सुकतात. लाखेच्या ७८ ला अल्कोहोल कधीही लावू नका, लाख त्यात विरघळते. स्टायरीनलाही ते टाळा.

या काळातल्या सिंगल्स मोनो आहेत. स्टिरिओ सुईचं टोक साधारण ०.७ मिलचं, म्हणजे १८ मायक्रॉनच्या आसपास. मोनो ४५ साठी १ मिलचं, २५ मायक्रॉनचं टोक अधिक चांगलं बसतं. वेगळं मोनो कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला हाताच्या टोकाचा भाग, घेतलंत तर उभ्या दिशेची खरखर बरीचशी गायब होते. तेवढे पैसे नसतील तर ॲम्प्लिफायरचं मोनो बटण दाबा, तेही पुष्कळ काम करतं. ७८ साठी मात्र सुई वेगळीच हवी, साधारण ३ मिलची. मोठ्या भोकासाठी मधे बसणारा ॲडॉप्टर लागतो. स्वस्तातले प्लास्टिकचे थोडे सैल असतात आणि रेकॉर्ड मधोमध बसली नाही की गाणं डुलायला लागतं. धातूचा घ्या. सूटकेसमधले जड हाताचे प्लेअर दिसायला गोड असतात, पण पोरांनी १९५६ मध्ये ज्या प्रकारे या रेकॉर्डी झिजवल्या तोच प्रकार पुन्हा नको.

पावसाळा

कोकण, मुंबई, गोवा इथल्या संग्राहकाचा निम्मा वेळ बुरशीशी झगडण्यात जातो. कागदी आतलं पाकीट ओल धरतं. आत पॉलिथिलीन किंवा पॉलिप्रॉपिलीनचं पाकीट वापरा. पीव्हीसीचं जाड चकचकीत पाकीट नको, ते वर्षानुवर्षं चिकटून राहिलं की व्हायनिलवर धुरकट डाग पाडतं. रेकॉर्डी उभ्या ठेवा, ना फार घट्ट ना कलंडतील इतक्या सैल. बाहेरच्या भिंतीला लागून कपाट नको, लोखंडी कपाट उन्हाच्या बाजूला तर मुळीच नको. सिलिका जेलच्या पुड्या ठेवत असाल तर दर काही आठवड्यांनी बदला. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा प्रत्येक खण उघडून हवा द्या आणि लेबलांवर पांढुरके ठिपके दिसतात का ते बघा. दिसलेच तर ती रेकॉर्ड आधी वेगळी काढा, कारण बुरशी शेजारच्या पाकिटात सरकते.

नोंदवहीही ठेवा, वहीत किंवा एक्सेलमध्ये. क्रमांक, दोन्ही बाजूंचा डेड वॅक्स जसाच्या तसा, कारखान्याची खूण, श्रेणी, कुठून घेतली, किती दिले. दोन वर्षांनी तीच रेकॉर्ड बाजारात दिसली की आपल्याकडची चांगली की ही, हे तिथल्या तिथे ठरवता येतं. चांगली निघाली तर घ्या आणि घरातली विकायला काढा. विकताना तिची श्रेणी एक पायरी खालचीच लिहा.